बंद दुकानाचा पगार

‘फर्लो’ हा शब्द आपल्याकडे दोनच ठिकाणी ऐकू येत असे. इंग्रजी अमदानीत गोरे अधिकारी दीर्घ रजेवर विलायतेस जात, त्या रजेला फर्लो म्हणत. आणि तुरुंगातील कैद्याला काही दिवस घरी सोडतात, त्या रजेचे नाव आजही तेच आहे. डच भाषेतून इंग्रजीत आलेला हा शब्द मुळात सैनिकाच्या रजेचा. २०२० च्या मार्च महिन्यात तो इंग्लंड-अमेरिकेतील दुकानांत काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या लाखो स्त्रीपुरुषांच्या वाट्याला आला. नोकरी कागदावर आहे, काम मात्र नाही. घरी बसायचे, आणि परत बोलावणे येईल की नाही हे कोणी सांगत नाही. कैद्याची फर्लो संपली की कोठे परत जायचे हे निदान त्याला ठाऊक असते.

मुंबईत आणि वसईत हा शब्द कोणी वापरला नाही. ‘सध्या येऊ नका, गरज लागली की फोन करू’ एवढे वाक्य येथे पुरेसे झाले. दुकान बंद असताना दुकानातील माणसाचा पगार कोणी द्यावयाचा, हा प्रश्न त्या वर्षी सर्वांना नवा वाटला. वास्तविक तो आपल्या कायद्यात कितीतरी दशके अनुत्तरित पडून होता.

महामारीही मुंबईला नवी नव्हती. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागातील रुग्णांचा आजार प्लेग असल्याचे डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्रथम ओळखले. त्या वेळी आपल्या पूर्वजांनी गावठाणांतून उभारलेले क्रूस अजूनही अनेक ठिकाणी उभे आहेत. त्या साथीत लाखो माणसे शहर सोडून गेली आणि एक विलक्षण गोष्ट घडली. गिरण्यांना हात मिळेनात. मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून मजुरांसाठी चढाओढ करू लागली, आणि महिनोन्‌महिने थकणारी मजुरी रोजच्या रोज हातावर पडू लागली. भीतीच्या त्या दिवसांत कामगाराचे पारडे काही काळ जड झाले होते. २०२० साली दुकानातील नोकराच्या बाबतीत नेमके उलटे घडले. गिरणी चालू ठेवायची होती म्हणून माणूस हवा होता. येथे दुकानच सरकारी हुकमाने बंद, तेव्हा माणूस कोणाला हवा?

दुकानातील माणसाकडे कायद्याचे लक्ष गेले तेच मुळी उशिरा. गिरणी कामगारांसाठी कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. मुंबई प्रांताचा दुकाने व आस्थापना कायदा १९३९ चा, आणि तो देशातील अशा प्रकारचा पहिला कायदा होय. तोवर गुमास्त्याचा दिवस शेठजी दुकान उघडीत तेव्हा सुरू होई आणि शेठजी वही मिटीत तेव्हा संपे. १९४८ च्या सुधारित कायद्याने कामाचे तास, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा या गोष्टी निश्चित केल्या. दुकानाच्या नोंदणीला मुंबईकर ‘गुमास्ता लायसन’ म्हणत आले, त्या नावात या कायद्याचा मूळ हेतू टिकून राहिला. मात्र दुकान चालू असेल तेव्हा नोकराला किती राबवावे एवढेच त्या कायद्याने पाहिले. दुकान बंद पडले तर काय, याविषयी त्यात फारसे काही नव्हते.

ते उत्तर दुसऱ्या कायद्यात आले, पण दुसऱ्यांसाठी. १९५३ साली कापड गिरण्यांत माल साचला, कामगारांना घरी बसविण्याची वेळ आली, म्हणून सरकारने घाईने वटहुकूम काढला आणि पुढे औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती केली. ‘ले-ऑफ’ दिलेल्या कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळू लागली. आजच्या भाषेत हीच आपली फर्लो. परंतु ती कोणाला? तर पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला, खाणीला आणि मळ्याला. दुकान या व्याख्येत बसत नव्हते.

या त्रुटीची कसोटी फायरस्टोन टायर कंपनीच्या खटल्यात लागली. १९६७ साली कंपनीच्या मुंबईच्या कारखान्यात संप झाला, टायरांचा पुरवठा आटला, आणि पुढे तिच्या दिल्लीच्या वितरण कार्यालयातील काही नोकरांना घरी बसविण्यात आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७६ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की वितरण कार्यालय हा कारखाना नसल्याने निम्म्या भरपाईचे कलम तेथे लागू नाही. मात्र करारात किंवा स्थायी आदेशांत तशी सोय नसेल, तर नोकराला बिनपगारी घरी बसविण्याचा उपजत अधिकार मालकालाही नाही. कागदावर हा निकाल नोकराच्या बाजूचा आहे. परंतु तो पदरात पाडून घ्यायचा तर संघटना हवी, वकील हवा, वर्षानुवर्षे थांबण्याची ताकद हवी. चार नोकरांच्या दुकानात यांपैकी काय असते?

आता २०२० कडे वळू. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. २९ मार्चला केंद्रीय गृहमंत्रालयाने आदेश काढला, की टाळेबंदीत बंद राहिलेल्या आस्थापनांनी कामगारांना ठरलेल्या तारखेस, कपात न करता पगार द्यावा. या आदेशात उद्योगांबरोबर दुकानांचाही स्पष्ट उल्लेख होता. १९५३ ला जे झाले नाही ते एका परिपत्रकाने झाले, असे क्षणभर वाटले. पण पैसा मालकाच्याच गल्ल्यातून यायचा होता, आणि गल्ला रिकामा होता. मोठ्या कंपन्यांची गोष्ट सोडा. कोपऱ्यावरचा कापडवाला दोन महिने एक वार न विकता तीन नोकरांचा पगार कोठून देणार, हा प्रश्न अवास्तव नव्हता. आदेश जेमतेम पन्नास दिवस जगला. १८ मेपासून तो मागे घेण्यात आला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, उभयतांनी आपसांत बोलून तोडगा काढावा, असे सांगितले. उभयतांनी आपसांत! एका बाजूला दुकानाची किल्ली असलेला मालक, दुसऱ्या बाजूला त्याच किल्लीकडे डोळे लावून बसलेला नोकर.

सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. शंभरापर्यंत नोकर असलेल्या आणि बहुतेकांचा पगार १५,००० रुपयांच्या आत असलेल्या आस्थापनांचा भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता काही महिने सरकारने भरला. राज्य विमा योजनेतील बेकारी साहाय्य पगाराच्या पाव हिश्शावरून निम्म्यावर नेले. पण ते नोकरी गेलेल्या विमाधारकासाठी होते. ज्याची नोकरी गेली नाही, फक्त दिवस कमी झाले, तो कोणत्याच रकान्यात बसला नाही.

आणि दिवस तर सरकारी नियमांनीच कमी झाले. ५ जून २०२० पासून मुंबईत दुकाने उघडली ती एका दिवशी रस्त्याच्या एका बाजूची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूची. दुकान महिन्यात पंधरा दिवस उघडे, तेव्हा पगारही पंधरा दिवसांचा, हा हिशेब मालकाने करण्यास वेळ लागला नाही. ५ ऑगस्टला मॉल उघडले. परंतु नालासोपारा-विरारकडून येणाऱ्या विक्रेत्यांना लोकलमध्ये पाय ठेवण्याची परवानगी नव्हती. जूनपासून धावणाऱ्या गाड्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी होत्या. २२ जुलैला नालासोपारा स्थानकात प्रवासी रुळांवर उतरले, ते याच कोंडीतून. २१ ऑक्टोबरपासून स्त्रियांना प्रवेश मिळाला, पण सकाळी अकरानंतर. अकराला उघडणाऱ्या दुकानात अकराच्या गाडीने वेळेवर कसे पोचावे, हे कोणी सांगितले नाही. १ फेब्रुवारी २०२१ पासून सर्वांना मुभा झाली ती सकाळी सातपर्यंत, दुपारी बारा ते चार आणि रात्री नऊनंतर. जणू दुकानात काम करणारी माणसे या शहरात राहतच नाहीत, अशा बेताने ते वेळापत्रक आखले होते.

एप्रिलमध्ये दुसरी लाट आली आणि दुकाने पुन्हा मिटली. १५ ऑगस्ट २०२१ ला मॉल उघडले, तेव्हा अट अशी, की कर्मचाऱ्याने लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असाव्यात आणि दुसरीला चौदा दिवस झालेले असावेत. मॉलमधील विक्रेते बहुतांशी विशी-तिशीतले. त्यांच्या वयोगटाचे लसीकरण मे महिन्यात सुरू होऊन महाराष्ट्रात लशीअभावी लगेच थांबले, आणि जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाले. कोविशिल्डच्या दोन मात्रांत किमान बारा आठवड्यांचे अंतर. ज्याला जूनमध्ये पहिली मात्रा मिळाली, त्याची दुसरी सप्टेंबरपूर्वी येणे शक्यच नव्हते. बोटांवर मोजता येण्याजोगा हा हिशेब कोणी केला नाही, आणि मुंबईतील अनेक मॉल उघडल्यानंतर काही दिवसांतच पुन्हा बंद झाले. पगार कापला गेला तो मात्र हिशेब चुकविणाऱ्यांचा नव्हे.

परदेशांत काय झाले हे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. ब्रिटनने २० मार्च २०२० ला घोषणा केली, की घरी बसविलेल्या नोकराच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकार देईल; १ जुलैपासून अर्धवेळ कामावर बोलावून उरलेल्या तासांचे पैसे सरकारकडून घेण्याचीही सोय झाली. ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत १ कोटी १७ लाख नोकऱ्यांना या योजनेचा आधार मिळाला आणि सुमारे ७० अब्ज पौंड खर्च झाले. दोषही होते. किमान वेतनावर राबणाऱ्याचे ८० टक्के म्हणजे किमान वेतनाहून कमी. शिवाय पगार वाचला तरी दुकान वाचेलच असे नाही: १७७८ पासूनचा वारसा सांगणारे डेबनहॅम्स मे २०२१ मध्ये कायमचे मिटले, नाव एका इंटरनेट कंपनीने विकत घेतले, दुकाने आणि त्यांतील माणसे घेतली नाहीत. अमेरिकेत असे छत्र नसल्यासारखेच होते. मेसीजने मार्चअखेर आपल्या सुमारे सव्वा लाख कर्मचाऱ्यांपैकी बहुसंख्यांना फर्लोवर पाठविले, आणि एकट्या एप्रिल महिन्यात त्या देशातील किरकोळ व्यापारातून २१ लाख नोकऱ्या गेल्या. तेथे बेकारी भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर वाढवून मिळाले, तेही जुलैअखेरपर्यंतच.

ख्रिस्तसभेची सामाजिक शिकवण या प्रश्नाबाबत मूक नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात पगार केवळ उभयतांच्या कराराने न्याय्य ठरत नाही असे सांगितले. १२ जूनच्या तोडग्याला ते तंतोतंत लागू पडते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली: पगार हातात देणाऱ्या मालकाच्या मागे उभे राहून कामाच्या अटी ठरविणाऱ्या साऱ्या शक्ती, त्यांत सर्वप्रथम राज्यसंस्था. मॉलमधील मुलीच्या छातीवर एका दुकानाचा बिल्ला, पगार दुसऱ्या ब्रँडचा, नेमणूकपत्र तिसऱ्याच ठेकेदाराचे. आणि तिची गाडी, तिची लस, तिचे दिवस सरकारच्या हाती. यांपैकी तिचा मालक कोण, याचे उत्तर त्या एका कल्पनेत आहे. १२ एप्रिल २०२० च्या पुनरुत्थान रविवारी पोप फ्रान्सिस यांनी लोकचळवळींना पत्र लिहिले, त्यात फेरीवाले, बांधकाम मजूर, शिवणकाम करणारे अशा कायद्याचे कवच नसलेल्यांचा कैवार घेऊन सर्वांसाठी मूलभूत वेतनाचा विचार करण्याची वेळ आली आहे, असे सुचविले.

मे २०२५ मध्ये नव्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले, ते ‘रेरुम नोव्हारुम’कार तेराव्या लिओंची आठवण ठेवून, असे त्यांनी स्वतःच सांगितले. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला आपल्या देशात चार नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि जुना औद्योगिक विवाद कायदा इतिहासजमा झाला. नव्या संहितेत ले-ऑफ भरपाईची कलमे आहेत. रक्कम तीच, निम्मी. मर्यादा तीच, पन्नास कामगारांची. आणि व्याख्याही १९५३ चीच: कारखाना, खाण, मळा.