शर्यतीचं इंजिन भंगारबाजार ठरवतो

 

मागच्या महिन्यात ओळखीच्या गॅरेजवाल्या दादांकडे बसलो होतो. जमिनीवर गोणपाट अंथरून त्यावर आरएक्स १०० चं इंजिन उघडं पडलेलं. दादांचा भाचा, सोळा-सतरा वर्षांचा, पिस्टनवरचा कार्बन खरवडत होता. पोराला मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायची आहे. मध्येच हात थांबवून मला म्हणाला, "काका, सगळं इलेक्ट्रिक होणार म्हणतात. मग हे शिकून काय करू?"

दादा म्हणाले, "आधी पिस्टन पूस." विषय तिथेच संपला. माझ्या डोक्यातून मात्र प्रश्न जाईना. पेट्रोल की वीज, यावर आपल्याकडे वाद घालतात तो पर्यावरणाचा नाहीतर खिशाचा. हौशी शर्यतींचा इतिहास पाहिला तर तिसरीच गोष्ट दिसते. हौशी माणूस कोणत्या इंजिनावर पळणार, हे तो स्वतः ठरवत नाही. रोजच्या जगात काय स्वस्त, काय शिल्लक आणि काय टाकून दिलेलं आहे, त्यावर ते ठरतं.

सुरुवात गो-कार्टपासून करू.

१९५६ साल. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथे कर्टिस क्राफ्ट नावाच्या रेसिंग कार बनवणाऱ्या कारखान्यात आर्ट इंगल्स काम करायचा. दिवसभर मोठ्या लोकांच्या महागड्या गाड्या बांधायच्या, आणि स्वतःला मात्र एकही परवडत नाही. मग त्याने लू बोरेली या मित्राला सोबत घेऊन नळ्या जोडल्या, चार छोटी चाकं लावली आणि मागे वेस्ट बेंड कंपनीचं अडीच अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन बसवलं. हे इंजिन मुळात गवत कापायच्या यंत्रासाठी बनवलेलं. जगातली पहिली कार्ट म्हणतात ती हीच.

हे इंजिन हाताशी का होतं, ते बघा. त्या गवतकाप्याचा धंदा बसला होता आणि इंजिनांचा माल पडून होता. शिल्लक मालाचा व्यापार करणारा बिल रॉल्स आणि सायलेन्सरचं दुकान चालवणारे डफी लिव्हिंगस्टोन व रॉय डेसब्रो एकत्र आले आणि ही पडीक इंजिनं लावून कार्ट विकू लागले. पासाडिनाच्या रोझ बोल स्टेडियमच्या पार्किंगमध्ये रविवारी लोक जमायचे आणि पळवायचे. ना ट्रॅक, ना संघटना, ना प्रायोजक. एका बुडालेल्या धंद्याच्या भंगारातून एक अख्खा खेळ उभा राहिला.

पुढे १९५९ मध्ये मॅककलक कंपनीने झाडं कापायच्या करवतीच्या इंजिनावरून खास कार्टसाठी इंजिन काढलं. (याच रॉबर्ट मॅककलकने नंतर लंडन ब्रिज विकत घेऊन दगड-दगड सुटा करून अ‍ॅरिझोनात नेऊन बसवला. माणूस हौशी होता!) १९६२ मध्ये कार्टिंगची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि १९६४ मध्ये पहिली जागतिक स्पर्धा. तिकडे ब्राझीलमध्ये एका बापाने चार वर्षांच्या पोराला गवतकाप्याचं इंजिन लावून छोटी कार्ट बनवून दिली. पोराचं नाव आयर्टन सेना. म्हणजे फॉर्म्युला वनच्या शिखरावर गेलेल्या माणसाची पहिली पायरीसुद्धा गवतकाप्याचं इंजिनच.

आता आपल्याकडे या.

आपल्याकडे गवतकापी यंत्रं नव्हती, पण टू-स्ट्रोक स्कूटर आणि मोटरसायकली होत्या. आकुर्डीहून १९७२ पासून चेतक निघायला लागली. म्हैसूरहून जावा आणि मग येझदी. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली, ९८ सीसी आणि ११ अश्वशक्ती. या गाड्या रोज दूध, भाजी आणि मास्तरांना वाहत होत्या. म्हणूनच त्यांचे सुटे भाग गावोगाव मिळत होते, आणि म्हणूनच त्या शर्यतीत उतरल्या. चेन्नईजवळ शोलावरमच्या युद्धकाळातल्या धावपट्टीवर येझदी पळाल्या. आपल्याकडे पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या मातीच्या ट्रॅकवर आरएक्स आणि शोगन पळाल्या. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुन्या बाजारात जाऊन कार्ब्युरेटर शोधायचा. कोल्हापूरकर असाल तर उद्यमनगरात लेथवर हेड घासून घ्यायचं. पोर्ट कानशीने मोठा करायचा, सायलेन्सर स्वतः वेल्ड करायचा. बिघडलं तर रात्री गॅरेजमध्ये बसायचं आणि सकाळी परत ट्रॅकवर.

टू-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक. चुकलं तर नुकसान कमी आणि शिकायला मिळतं जास्त. आज पन्नाशीत असलेले आपल्याकडचे कितीतरी मेकॅनिक, फिटर आणि छोटे कारखानदार याच शाळेत शिकले. तिथे फी नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हतं.

मग ही इंजिनं गेली का? तर जायलाच हवी होती, हेही प्रामाणिकपणे सांगतो. साध्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल आत येताना त्यातलं वीस-तीस टक्के न जळताच धुराड्यातून बाहेर जातं. वर तेलाचा धूर वेगळा. १९९६ आणि २००० च्या प्रदूषणाच्या नियमांनी त्यांचं कंबरडं मोडलं. १९९६ मध्येच आरएक्स १०० थांबली आणि म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. ट्रॅफिकमध्ये तोंडाला रुमाल बांधून ज्यांनी ते दिवस काढलेत, ते त्या धुराची कविता करणार नाहीत.

शर्यतीच्या वरच्या थरातही तेच झालं. जागतिक मोटरसायकल शर्यतीत २००२ पासून ५०० सीसी टू-स्ट्रोकची जागा मोठ्या फोर-स्ट्रोकने घ्यायला सुरुवात केली, २०१० मध्ये २५० चा वर्ग गेला आणि २०१२ मध्ये १२५ चा. तरी हौशी लोकांनी टू-स्ट्रोक सोडली नाही, कारण शेडमध्ये बसून दुरुस्त होणारी तीच होती.

आता वीज. आणि इथे एक गंमत बघा. ज्या कॅलिफोर्नियात गवतकाप्याच्या इंजिनातून कार्ट जन्मली, त्याच कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कायदा करून पेट्रोलच्या नव्या गवतकाप्यांवर आणि तसल्या छोट्या इंजिनांवर बंदीची वाट मोकळी केली. नियम २०२४ पासून लागू झाले. ज्या विहिरीतून या खेळाने पहिलं पाणी प्यायलं, तीच बुजवायला घेतली आहे. आपल्याकडेही चेतक जानेवारी २०२० मध्ये परत आली ती विजेवर, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लुनासुद्धा. रस्ता बदलला की वीस वर्षांनी भंगार बदलतं, आणि भंगार बदललं की हौशी शर्यत बदलते. त्यामुळे पेट्रोल टिकणार का, यावर फार डोकं फोडण्यात अर्थ नाही. जुनी इंजिनं आहेत तोवर चालतील. खरा प्रश्न आहे तो पुढच्या भंगारात हौशी पोराच्या हाताला काय लागणार, हा.

वीज वाईट आहे असं अजिबात नाही. मोटर शून्यापासून पूर्ण ताकद देते. आवाज नाही म्हणजे शेजारचा पोलिसात जात नाही. धूर नाही म्हणून बंद हॉलमध्येही ट्रॅक करता येतो. हिशोबही करून बघा. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते, पण छोटं इंजिन त्यातली पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोचवतं. म्हणजे हाती येतात दोनेक युनिट. विजेवरच्या पहिल्या चेतकची बॅटरी सुमारे ३ युनिटची होती. म्हणजे साधारण दीड लिटर पेट्रोलचं काम. दहा मिनिटांच्या शर्यतीला एवढं पुरतं. अडचण पुढे येते. हौशी शर्यतीच्या दिवशी सराव असतो, हीट असते, मग फायनल. कॅनमधून पेट्रोल ओतायला एक मिनिट लागतं. बॅटरी भरायला तास लागतात, नाहीतर दुसरी बॅटरी लागते. आणि तीच सगळ्यात महाग.

वरून खाली वीज आणायचे प्रयत्न झाले, त्यांचं काय झालं तेही बघा. मोटोई ही विजेवरची जागतिक मोटरसायकल मालिका २०१९ मध्ये सुरू झाली आणि २०२५ च्या हंगामानंतर स्थगित करायचं आयोजकांनी जाहीर केलं, कारण प्रेक्षक जमले नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये हैदराबादला हुसेन सागरच्या काठी फॉर्म्युला ई ची शर्यत झाली, पुढच्या वर्षीची रद्द झाली. देशात विजेवरच्या बाइकची एकाच मॉडेलची स्पर्धाही सुरू झाली, पण तिथे गाडी कंपनीची आणि मेकॅनिकही कंपनीचा. हे सगळं चांगलंच आहे, पण रोझ बोलच्या पार्किंगमधली गोष्ट ही नव्हे. खेळ रुजतो तो खालून.

आणि खालून रुजायला अडचण आहे ती कुलुपाची.

आरएक्सचं इंजिन चार बोल्ट काढले की उघडं. विजेवरच्या स्कूटरमध्ये बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, मोटर चालवणारा कंट्रोलर आणि डिस्प्ले बहुतेक वेळा एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. एक भाग दुसऱ्या गाडीत टाकला की गाडी गप्प. ती भाषा कंपनीकडे. हे कुलूप विजेनेच आणलं असंही नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी रोटॅक्सने कार्टसाठी सीलबंद इंजिन आणलं. अधिकृत केंद्राशिवाय उघडायचं नाही. त्यामुळे शर्यत बरीच समान झाली, खर्च आटोक्यात राहिला आणि ते जगभर पसरलं. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्टिंगमध्येही आलं. समानता मिळाली, पण इंजिन उघडणारे हात त्या ट्रॅकवरून बाहेर गेले. विजेमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं, आणि तेही समानतेचा फायदा न देता.

दुसरी बाजूही आहे. लिथियमची बॅटरी म्हणजे कार्ब्युरेटर नव्हे. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह ठिकठिकाणी पेटलेल्या स्कूटर आपण पाहिल्या. सोळा वर्षांच्या पोराने जुन्या बाजारातून फुगलेले सेल आणून घरी जोडावेत, असं मी मेलो तरी म्हणणार नाही. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, ती योग्यच.

म्हणून मला वाटतं, मोटर आणि कंट्रोलर भंगारातून येऊ द्या, बॅटरी मात्र तपासून, प्रमाणित करून यावी. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. एक, गाडीची वॉरंटी संपली की कंट्रोलरची माहिती खुली करा. दुरुस्तीच्या हक्कावर केंद्राने २०२२ मध्ये समिती नेमली, पोर्टल काढलं आणि त्यात वाहनंही घेतली, पण पोर्टलवर फक्त कस्टमर केअरचा नंबर असून भागत नाही. दोन, आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये बॅटरी तपासायची सोय करा आणि ती शनिवार-रविवारी बाहेरच्या पोरांनाही खुली ठेवा. इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी बाहा स्पर्धा २००७ पासून होते, तिच्यात २०१५ पासून विजेवरचा गटही आहे. आपली मुलं तिथे झकास गाड्या बनवतात. पण तिथे जायला आधी कॉलेजात प्रवेश लागतो. दादांच्या भाच्याला तिथे कोण घेणार? तीन, जिल्ह्याच्या क्रीडासंकुलात एखादा मातीचा ट्रॅक आणि चार चार्जिंग पॉइंट. वीज शांत आहे, त्यामुळे आवाजाची सबबही उरत नाही.

परवा गॅरेजवरून जाताना मुद्दाम थांबलो. आरएक्स बांधून झाली होती. भाच्याच्या हातात या वेळी अपघातात चेपलेल्या विजेवरच्या स्कूटरची हब मोटर होती. मागचं चाक खोलून तो आतल्या तांब्याच्या गुंडाळ्या आणि चुंबकं बघत होता.

"कळलं का काही?" मी विचारलं.

"मोटर कळली काका," तो म्हणाला. "सोपी आहे. हा डबा उघडत नाही." त्याने कंट्रोलर पुढे केला. चारही बाजूंनी राळ ओतून बंद केलेला.

त्याला "शिकून काय करू" याचं उत्तर मला देता येईल. डबा कोण उघडून देणार, याचं उत्तर मात्र आपण सगळ्यांनी मिळून मागायला हवं.