नोबेल मिळालं, तरी हॅम रेडिओचा नाद सुटला नाही!

चंद्रावर रेडिओ संदेश सोडायचा आणि अडीच सेकंदांनी परत येणारा त्याचा प्रतिध्वनी पकडायचा, असा छंद कुणाला असू शकतो? तो आहे अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ टेलर यांना. त्यांच्याकडे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेलही आहे.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

सरकारी परवाना घेऊन, कमाईसाठी नव्हे तर निव्वळ हौसेपोटी रेडिओवरून जगभरातल्या लोकांशी संपर्क साधणं, म्हणजे हॅम रेडिओ. प्रत्येक परवानाधारकाला स्वतःचं 'कॉल साइन' मिळतं. टेलर यांचं आहे 'के-वन-जे-टी'.

सुरुवात शेतावरच्या घरात

टेलर यांचा जन्म १९४१ चा. न्यू जर्सीतल्या शेतावरच्या जुन्या घरात त्यांनी आणि त्यांच्या मोठ्या भावाने तिसरा मजला रेडिओ यंत्रांनी भरून टाकला होता. छपरावर मोठमोठे अँटेना होते. त्यातल्या एकाने घराचं विटांचं धुराडंच तोडलं, तेव्हा आईवडिलांची काय अवस्था झाली असेल!

छंद कामी आला

हॅमचं खरं कौशल्य म्हणजे खरखरीतून अगदी क्षीण आवाज शोधून काढणं. टेलर पुढे खगोलशास्त्रात तेच करत राहिले. १९७४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीतून एक वेगळाच पल्सार शोधला. हा तारा आपल्या जोडीदारासह पावणेआठ तासांत एक फेरी पूर्ण करतो. अनेक वर्षं मोजमाप केल्यावर दिसलं, की त्यांची कक्षा वर्षाला सुमारे साडेतीन मीटरने आकसतेय. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार गुरुत्वीय लहरी ऊर्जा वाहून नेत असतील, तर नेमकं एवढंच घडायला हवं होतं. या लहरींचा हा पहिला भक्कम पुरावा. नोबेल मिळालं ते या पल्सारच्या शोधासाठीच.

पुन्हा छंदाकडे

२००१ मध्ये टेलर यांनी हॅम मंडळींसाठी 'डब्ल्यूएसजेटी' हे मोफत सॉफ्टवेअर आणलं. उल्का जळताना मागे उरणाऱ्या क्षणभराच्या रेषेवरून संदेश परावर्तित करायला ते उपयोगी पडलं. मग चंद्राची पाळी आली. पूर्वी त्यासाठी अवाढव्य अँटेना लागायचे, आता बरेच लहान पुरतात.

२०१७ मध्ये स्टीव्हन फ्रँके यांच्यासोबत त्यांनी 'एफटी-८' पद्धत आणली. यात छोटा, ठरावीक साच्यातला संदेश १५ सेकंदांच्या खेपेत जातो. दोन्ही संगणकांची घड्याळं जुळलेली असतात, त्यामुळे कधी ऐकायचं हे आधीच ठरलेलं असतं. संदेशात चुका दुरुस्त करणारी जादा माहितीही असते. म्हणून कानाला अजिबात न जाणवणारा संदेशही वाचता येतो.

सगळेच खूश आहेत का?

नाही! यात फक्त कॉल साइन, ठिकाण आणि सिग्नलची ताकद एवढीच देवाणघेवाण होते. मग गप्पांची मजा कुठे राहिली, अशी काही जुन्या हॅमची तक्रार आहे. पण गच्चीवर मोठा अँटेना लावायला जागा नाही, त्यांना याच पद्धतीने जग खुलं झालं.

तुम्हालाही करता येईल

भारतात वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन हॅम परवाना घेता येतो. तेव्हा घरातलं पोर रेडिओ उघडून बसलं, तर लगेच ओरडू नका. फक्त धुराड्याकडे लक्ष ठेवा!