कॉलेजच्या मुली, चहा-बिस्किट आणि रक्तातील लोह

सकाळी चहा-बिस्किट, दुपारी कँटीनचा वडापाव किंवा समोसा आणि वर पुन्हा चहा. पोट भरतं, पण शरीराला लोह मिळत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे.

लक्षणे : थकवा, चक्कर, जिना चढताना धाप, अभ्यासात लक्ष न लागणे. आपण मात्र याला आळस म्हणून मोकळे होतो.

गरज किती? आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, पुरुषाला १९. मासिक पाळीमुळे मुलींची गरज जास्त. तरीही आपल्या कित्येक घरांत सालनातल्या चांगल्या बोट्या आधी मुलांच्या ताटात जातात.

खजूर पुरेसा आहे का? नाही. १०० ग्रॅम खजुरात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम असते. खजूर जरूर खावा, पण त्यावर विसंबू नये.

काय खावे? कलेजी, खिमा, मटण यांतले लोह शरीर लवकर शोषते. मसूर, चणे, मेथी यांवर लिंबू पिळावे; ‘क’ जीवनसत्त्वामुळे त्यांतले लोह अंगी लागते.

काय टाळावे? जेवणाला लागून चहा. त्यातले टॅनिन लोह अडवते. तासाभराचे अंतर ठेवावे, रमजानमध्ये सहरीलाही शक्य तितके.

मुलगी सतत थकलेली दिसली तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ पेक्षा कमी भरले तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या त्यांच्या सल्ल्यानेच द्या, पण चहा-दुधासोबत नको.