मीममधला बाबा आणि वाटेवरचा साधू

मंडळी, मुरब्यात बसून या विषयावर बोलायचं, तर आपल्याच जिल्ह्यातली एक तारीख आधी घ्यावी लागते. १६ एप्रिल २०२०. आपल्या किनाऱ्यापासून आत डोंगराकडे गेलं की डहाणू तालुक्यात गडचिंचले लागतं. लॉकडाऊनच्या त्या रात्री तिथे जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना पोलिसांसमोर ठार मारलं. मुलं पळवणारे वेष बदलून फिरतात, अशा अफवा त्या भागात मोबाइलवरून आणि तोंडोतोंडी पसरल्या होत्या.

आता बघा, वेषावर संशय घेणं मराठीला नवं नाही. सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडांत ढोंगावर टोले आहेत. तुकोबांनी नुसत्या वेषाला कधी मान दिला नाही. गाडगेबाबा (१८७६–१९५६) कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारत. पण या सगळ्यात बोलणारा माणूस समोर उभा असे. त्याला उलट विचारता येई. आणि ढोंग दाखवून झालं की खरं काय, तेही तो सांगे.

मीममध्ये नेमकं हेच नाही. एक फोटो, वर दोन ओळी. कर्ता कोण, ठाऊक नाही. २०१७ साली गुरमीत राम रहीम आणि २०१८ साली आसाराम बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरले. त्यांची थट्टा झाली, ती त्यांनी ओढवून घेतली होती. पण चित्र नाव विसरतं आणि वेष लक्षात ठेवतं. मीममुळे कोणी मेलं, असं आपण म्हणत नाही. मात्र वेषाचं संरक्षण गेलं, हे खरं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच अफवेपायी मारलं गेलं. ज्यांना दारात पीठ मिळायचं, त्यांच्याच वाट्याला हे आलं.

गडचिंचल्याची पुढची गोष्ट उलट्या दिशेने गेली. त्याच चित्रफिती देशभर फिरल्या, तेव्हा ते साधू हुतात्मे ठरले आणि मारेकरी परधर्माचे ठरवले गेले. शेवटी २२ एप्रिलला राज्याच्या गृहमंत्र्यांनी अटकेतल्या १०१ जणांची नावं जाहीर केली आणि त्यांत एकही मुसलमान नाही, असं सांगितलं. सहा दिवसांत तीच माणसं आधी चोर, मग प्रतीक! दोन्ही वेळा माणूस बाजूलाच राहिला. ते तर सुरतेला गुरूंच्या अंत्यविधीला निघाले होते.

घटनेच्या नऊच दिवस आधी, व्हॉट्सॲपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असा निर्बंध घातला होता. तो पुरा पडला नाही. आपल्याकडे त्याहून जुनी चाळणी आहे: दारात आलेल्याला पाणी द्यायचं आणि विचारायचं, महाराज, कुठले? आखाडा कोणता? गुरू कोण? ढोंगी या प्रश्नांत अडकतो, खरा साधू वाचतो. फोटोला हे विचारता येत नाही. माणसाला येतं.