पडद्याच्या कडेचं घोटी

घोटीत एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या आजींनी माझ्यासमोर पत्र्याचे तीन डबे ठेवले. दोन रिकामे. त्यांतल्या निगेटिव्हच्या काचा सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन तसबिरींना बसवल्या गेल्या होत्या. तिसऱ्यात एकवीस काचा उरल्या होत्या.

मी शोधत होतो घाटमाथ्यावरचं रोजचं जगणं. १८६५ मध्ये थळ घाट चढून रेल्वे इगतपुरीला आली. त्या काळच्या घाटातल्या पुलांची जी छायाचित्रं मी पाहिली, त्यांत माणूस दिसतो तो पुलाची उंची कळावी एवढ्यापुरता. मुंबईत मात्र माणसांचे फोटो निघत होते. १८५४ मध्ये तिथं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते आणि स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातली गंमत अशी, की माणसं एका निगेटिव्हवरची आणि मागचं दृश्य भलत्याच निगेटिव्हवरचं. दोन्ही जोडून एक चित्र. तंत्राचीही अडचण होती. रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. तोवर माणसानं काही सेकंद हलायचं नाही. भरल्या बाजारात हे कसं जमावं? पण सगळा दोष तंत्राला देता येत नाही. अमेरिकेच्या वाळवंटी मुलखात नावाहो, होपी लोकांचे फोटो काढणाऱ्या एडवर्ड कर्टिसने उत्तरेकडच्या पिगन लोकांच्या तंबूतलं घड्याळ १९१० च्या चित्रातून पुसून टाकलं, तेव्हा तंत्र बरंच पुढं गेलं होतं.

आमच्या स्टुडिओतही मागं रंगवलेला पडदा होताच: कारंजं, कमान, बाग. गिऱ्हाईकही तेच मागे. प्रिंट करताना कडा कापल्या जात, काचेवर मात्र त्या शाबूत राहिल्या. एका काचेत नवं जोडपं ताठ बसलंय. पडदा अपुरा पडलाय. डावीकडे तांदळाची पोती, हातगाडीचं चाक आणि पडद्याचं टोक धरून उभा असलेला, उघड्या पायांचा पोरगा. घोटी आहे ती एवढीच, चार बोटांच्या पट्टीत.

आजींनी काच उजेडाकडे धरली. जोडप्याला त्यांनी लगेच ओळखलं. पोराचं नाव काही आठवेना.

“पडदा धरायला असायचा,” त्या म्हणाल्या. “कधी हलायचा नाही.”