जुन्या आर्केड यंत्रांतील वीजदोष आणि त्यांचा शोध

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडीओ गेम यंत्रांचा बहराचा काळ साधारणतः १९७८ ते १९८३ हा मानला जातो. जपानच्या ताइतो कंपनीचे ‘स्पेस इनव्हेडर्स’ १९७८ मध्ये, अमेरिकेच्या अटारीचे ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ १९७९ मध्ये आणि नामकोचे ‘पॅक-मॅन’ १९८० मध्ये आले. ‘पॅक-मॅन’ची अमेरिकेतील यंत्रे मिडवे या कंपनीने बनविली. या पिढीच्या यंत्रांनी आता चाळिशी ओलांडली आहे. करमणूक केंद्रांतून ती केव्हाच हद्दपार झाली आणि संग्राहकांच्या दिवाणखान्यात किंवा संग्रहालयांत स्थिरावली. त्यांचे मूळ सर्किट बोर्ड आता बनत नाहीत. त्यामुळे दुरुस्तीच्या नावाखाली बोर्ड जळाला, तर तसाच दुसरा मूळ बोर्ड मिळविणे दुर्घट होते.

यंत्र बंद पडले की बहुतेकांचा पहिला संशय चिपवर जातो. ‘इतकी जुनी चिप, गेली असेल’ असे म्हणून चिपा उपटण्यास सुरुवात होते आणि नाजूक सॉकेट व बोर्डावरील तांब्याच्या पट्ट्या नव्याने निकामी होतात. वस्तुतः चाळीस वर्षांत सर्वाधिक झिजते ते निराळेच. फ्यूजची पकड, तारांचे जोड, कनेक्टर आणि वीजपुरवठ्यातील मोठे कपॅसिटर हे या यंत्रांचे खरे दुबळे दुवे होत. तेव्हाचे बोर्ड पाच व्होल्टवर कित्येक अँपिअर प्रवाह ओढत. पाच अँपिअर प्रवाहाच्या वाटेतील एखाद्या गंजलेल्या जोडात अवघा ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि अडीच वॉट उष्णता तयार होते. त्या उष्णतेने जोड आणखी काळवंडतो, रोध वाढतो व त्याबरोबर उष्णताही वाढते.

तपासणीपूर्वी काही पथ्ये पाळणे अनिवार्य आहे. यंत्राचा प्लग भिंतीवरील सॉकेटमधून काढलेला असावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. पिक्चर ट्यूबमध्ये वीस हजार व्होल्टच्या घरातील विद्युतदाब असतो आणि यंत्र बंद केल्यानंतरही तो बराच काळ टिकून राहू शकतो. तो उतरविण्यासाठी चांगल्या प्लास्टिकच्या मुठीच्या चपट्या पेचकसाला तार जोडतात, तारेचे दुसरे टोक मॉनिटरच्या धातूच्या चौकटीला पक्के करतात आणि मगच पेचकसाचे टोक ट्यूबवरील रबरी टोपीखाली सरकवितात. हे काम एका हाताने करावे, दुसरा हात यंत्रापासून दूर ठेवावा, असा जुन्या टीव्ही मेकॅनिकांचा दंडक आहे. ज्याने हे काम कधी पाहिलेले नाही, त्याने मॉनिटरचा भाग जाणत्या माणसावर सोपवावा. अमेरिकेतून आलेले यंत्र सुमारे १२० व्होल्टसाठी बनलेले असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आपल्याकडील २३० व्होल्टवर ते थेट जोडणे म्हणजे पहिल्याच क्षणी नुकसान ओढवून घेणे होय. त्यासाठी योग्य क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. अर्थिंगची तिसरी पिन कापून टाकलेली आढळली, तर इतर काहीही करण्याआधी ती पूर्ववत करावी. खेळाडूच्या हाताखालील पॅनेल आणि नाण्यांचा दरवाजा पुष्कळदा धातूचा असतो.

यंत्र पूर्णपणे निष्प्राण असेल, तर कारण बहुधा साधे असते. अनेक यंत्रांच्या मागील दरवाजाजवळ सुरक्षेसाठी एक स्विच बसविलेला असतो आणि दरवाजा नीट लागला नाही तर तो वीज तोडतो. हा स्विच ठीक असल्यास फ्यूज तपासावा. फ्यूजची तार डोळ्यांना अखंड दिसली तरी त्यावर विसंबून चालत नाही. फ्यूज पकडीतून बाहेर काढून मल्टिमीटरने तपासणे हाच खात्रीचा मार्ग. फ्यूज चांगला आणि पकड गंजलेली, असाही प्रकार वारंवार आढळतो. नवा फ्यूज मूळच्याच क्षमतेचा असावा. तो लावताच पुन्हा उडाला, तर पुढे कोठेतरी शॉर्टसर्किट आहे, असे समजावे. वीज एसीतून डीसीमध्ये बदलणारा रेक्टिफायर येथे पहिला संशयित. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळण्याची आपल्याकडची सवय या यंत्रांच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मरच्या मुळावर येते.

दिवे लागतात, पण खेळ सुरू होत नाही, ही तक्रार अधिक गुंतागुंतीची. येथे सर्वांत महत्त्वाचे मोजमाप पाच व्होल्टचे आणि ते कोठे घेतले जाते, याला निर्णायक महत्त्व आहे. वीजपुरवठ्याच्या टोकाशी मीटर बरोबर ५ दाखवितो आणि तंत्रज्ञ निश्चिंत होतो. बोर्डावरील चिपच्या पायांपाशी मोजले असता मात्र तो ४.६ निघतो. त्या काळातील सर्वसामान्य टीटीएल चिपांना ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. त्याखाली त्यांचे वर्तन बेभरवशाचे होते. बहुतेक बोर्डांवर ‘वॉचडॉग’ नावाची राखणदार योजना असते. प्रोसेसर भरकटला की ती यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. यंत्र दर काही क्षणांनी स्वतःच पुन्हा सुरू होत असेल, तर चिपांना दोष देण्यापूर्वी हा विद्युतदाब पाहावा.

मिडवेच्या ‘पॅक-मॅन’मध्ये या दोषाचे ठळक उदाहरण सापडते. त्यात ट्रान्सफॉर्मरकडून येणारा सुमारे सात व्होल्टचा एसी प्रवाह थेट बोर्डाच्या कडेच्या कनेक्टरमधून आत जातो आणि त्याचे डीसीत रूपांतर बोर्डावरच होते. सारा भार कनेक्टरच्या मोजक्या पिनांवर पडतो. त्या तापतात, प्लास्टिक तपकिरी होते, बोर्डाच्या कडेवरील पट्ट्या काळ्या पडतात. पट्ट्या खोडरबराने साफ केल्यास यंत्र काही दिवस चालते व पुन्हा थांबते, कारण कनेक्टरमधील पिनांचा ताण गेलेला असतो. कनेक्टर बदलणे हाच येथे उपाय.

अटारीच्या त्या काळातील अनेक यंत्रांत वेगळीच गोम आहे. त्यांतील रेग्युलेटर स्वतंत्र ‘सेन्स’ तारांद्वारे बोर्डावरील विद्युतदाब सतत पाहत असतो आणि वाटेत घट झाली की आपल्याकडून दाब वाढवितो. योजना हुशारीची, परंतु कनेक्टर खराब झाल्यावर रेग्युलेटर अधिकाधिक जोर लावून स्वतःच तापू लागतो. रेग्युलेटरपाशी साडेपाच व्होल्ट आणि बोर्डावर पाच असे आकडे आले, तर दोष मधल्या वाटेत आहे. वीजपुरवठ्यावरील स्क्रू पिळून दाब वाढविणे हा काही कारागिरांचा आवडता उपाय. त्याने यंत्र चालू होते, ग्राहक खूश होतो आणि जळणारा जोड तसाच जळत राहतो. पुढे कोणी कनेक्टर साफ केला, की वाढवून ठेवलेला तो दाब थेट चिपांवर येतो.

डीसी दाब योग्य असूनही यंत्र अडखळत असेल, तर मीटर एसी मापनावर लावून त्याच ठिकाणी पुन्हा मोजावे. तेथे शेकडो मिलिव्होल्टची लहर आढळल्यास डीसी प्रवाह सपाट करणारा कपॅसिटर सुकला आहे किंवा रेक्टिफायरचा एखादा भाग गेला आहे. अटारी यंत्रांच्या तळाशी असलेला निळा, भलामोठा कपॅसिटर संग्राहकांत ‘बिग ब्लू’ या नावाने प्रसिद्ध आहे. स्पीकरमधून येणारा सततचा गुणगुणाट हेही याच दोषाचे लक्षण असते.

पडद्यावर कचरा दिसतो, म्हणजे बोर्ड बिघडला, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. ‘पॅक-मॅन’ सुरू होताना स्मृतिचाचणीमुळे क्षणभर निरर्थक चिन्हे उमटतातच. याच खेळाच्या २५६व्या टप्प्यावर पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांनी व तुकड्यांनी भरून जातो. तो विजेचा नव्हे, प्रोग्रॅममधील दोष आहे. टप्प्यांची गणना एका बाइटमध्ये ठेवल्यामुळे तो उद्भवतो आणि कोणताही भाग बदलून तो जात नाही. कचरा कायम राहिला, तर नाण्यांच्या दरवाजाआड असलेला चाचणी स्विच वापरावा. चिपा बदलण्याची पाळी आलीच, तर ती या चाचणीनंतर यावी.

आवाज येतो पण चित्र नाही, अशा वेळी ट्यूबच्या मानेकडे पाहावे. बहुतेक रंगीत मॉनिटरांत तेथे दिसणारी मंद नारिंगी झळाळी उच्च दाबाचा विभाग कार्यरत असल्याची खूण असते. झळाळी नसेल, तर मॉनिटरचे फ्यूज, हॉरिझॉन्टल आउटपुट ट्रान्झिस्टर आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर या क्रमाने तपासणी होते. चित्र आक्रसून एकच प्रखर रेघ उरली, तर व्हर्टिकल विभागात दोष असतो, असे टीव्हीची पुस्तके सांगतात. ती रेघ आडवी असते. ‘पॅक-मॅन’चा मॉनिटर उभा बसविलेला असल्याने खेळाडूला तीच रेघ उभी दिसते आणि नवखा दुरुस्तीकार भलत्याच विभागात शोध घेत बसतो. ‘अ‍ॅस्टरॉइड्स’सारख्या रेषाचित्र यंत्रांत किरणाची हालचाल थांबली, की पडदा एका बिंदूपाशी जळू नये म्हणून ‘स्पॉट किलर’ चित्र बंद करतो. तेथे काळा पडदा हा मॉनिटरचा दोष नसून बोर्डाकडून संकेत न आल्याचा परिणाम असू शकतो. अनेक रंगीत मॉनिटरांना आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची नितांत आवश्यकता असते. तो वगळून मॉनिटर जोडल्यास फ्यूज उडतात. चौकटीत जिवंत वीज उतरण्याचा धोका तर याहून मोठा.

बटणांचे दोष तुलनेने सोपे. एकच बटण चालत नसेल, तर त्याचे पाते साफ करावे. ओळीने अनेक बटणे एकदम बंद पडली, तर त्यांना जोडणारी सामायिक ग्राउंडची तार तुटलेली असते.

विल्यम्स कंपनीच्या ‘डिफेंडर’ (१९८१) व तत्सम यंत्रांत गुणसंख्या जपण्यासाठी बोर्डावरच तीन पेन्सिल सेल बसविलेले असत. विसरलेले सेल गळतात आणि क्षार तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. असे यंत्र हाती येताच, ते चालू असो वा बंद, प्रथम सेल काढावेत आणि नवा सेलधारक तारेने बोर्डापासून दूर, खालच्या बाजूस बसवावा. दुरुस्तीनंतर कोणतेही यंत्र दोनेक तास चालवून, प्लग काढून कनेक्टरला हात लावून पाहावा. तो कोमटाहून अधिक तापला असेल, तर जोड अद्याप खराब आहे.