छावणीचे इस्पितळ आणि शिपायाचे घर

आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांत दोन-दोन, तीन-तीन पिढ्या फौजेची नोकरी झाली, त्या घरांत पदके, बिल्ले, क्वचित एखादी जुनी वर्दी जपून ठेविलेली आढळते. लढायांच्या गोष्टीही नातवंडांस मुखोद्गत असतात. परंतु शिपाई आजारी पडला, जखमी झाला, किंवा त्याची पत्नी बाळंतपणास आली म्हणजे त्यांची व्यवस्था कोण व कशी पाहत असे, असे विचारले असता बहुधा कोणासच नीट सांगता येत नाही. वास्तविक शिपायाच्या घराचा संबंध लढाईपेक्षा दुखण्याशीच अधिक वेळा येतो. म्हणून गेल्या दोनशे वर्षांत छावणीतील इस्पितळाचे दार कोणासाठी, केव्हा आणि कोणत्या कारणाने उघडत गेले, हे यंदाच्या स्मरणिकेत मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ पुण्यापासून करणे सोयीचे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पेशवाई बुडाली, आणि शहराच्या पूर्वेस इंग्रजी फौजेचा कायमचा तळ पडला. पुणेकर त्या भागास आजही 'लष्कर' म्हणतात. त्या काळी प्रत्येक पलटणीचे इस्पितळ निराळे असे. एखादी बराक, पलटणीचा सर्जन आणि त्याच्या हाताखालची चार माणसे, एवढाच त्याचा पसारा. पलटण हलली की इस्पितळही तिच्याबरोबर हलत असे.

या व्यवस्थेचा फोलपणा १८५७ नंतर उघड झाला. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये विलायतेत एक रॉयल कमिशन नेमण्यात आले व त्याचा अहवाल १८६३ मध्ये निघाला. गोऱ्या शिपायांत वर्षाकाठी दर हजारी ६९ मृत्यू होत, असे त्यात आढळून आले. हे मृत्यू तलवारीचे वा गोळीचे नव्हते. ताप, हगवण, पटकी आणि यकृताचे विकार हीच मुख्य कारणे होती. या चौकशीमागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे श्रम मोठे होते. या बाईंनी हिंदुस्थानात कधीही पाऊल टाकले नाही. लंडनमध्ये अंथरुणास खिळलेल्या असता त्यांनी ठिकठिकाणच्या छावण्यांतून आलेली छापील प्रश्नांची उत्तरे वाचून काढली, आणि पिण्याचे घाण पाणी, तुंबलेली गटारे, बराकींतील दाटी व दारू यांवर नेमके बोट ठेविले. शाळेत मुलांस कंदिलवाल्या बाईची गोष्ट सांगताना हा भाग आम्ही आवर्जून सांगत असू, कारण कंदिलापेक्षा त्यांच्या आकडेमोडीने अधिक प्राण वाचविले असे आमचे मत आहे.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. गोरा शिपाई विलायतेहून आणणे व शिकविणे हे सरकारास फार खर्चाचे होते. तो मेला की पैसा बुडाला. लष्करी वैद्यकाची मूळ प्रेरणा ही होती, आणि म्हणूनच या सुधारणांचा पहिला लाभ गोऱ्या बराकींस मिळाला. देशी पलटणींतील आपल्या शिपायाची स्थिती काय होती? तो आजारी पडला म्हणजे पलटणीच्या इस्पितळात जाई खरा, परंतु अंथरूण-पांघरूण त्याचे स्वतःचे, आणि पोटाची व्यवस्थाही बहुतांशी त्याची त्यानेच पाहावयाची. शुश्रूषेस एखादा सोबती शिपाई. जातीजातींचे सोवळे असल्याने हीच पद्धत बरी, असे अधिकारी म्हणत. सोवळ्याची सबब सरकारच्या तिजोरीस सोयीची पडली हेही तितकेच खरे! गोऱ्या पलटणींसाठी १८८० नंतरच्या दशकातच पलटणवार इस्पितळे मोडून संपूर्ण तळासाठी एक मोठे 'स्टेशन इस्पितळ' करण्याची पद्धत सुरू झाली. १८८८ मध्ये कॅथरिन ग्रेस लॉक या बाई व त्यांच्या सहकारी परिचारिकांची पहिली तुकडी विलायतेहून येथे आली, तीही गोऱ्या रुग्णांसाठीच.

येथे एका अप्रिय विषयाचा उल्लेख करणे भाग आहे. कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या अंकात तो असावा की नसावा असा विचार आमच्या मनात आला, परंतु इतिहास लिहावयाचा तर तो गाळता येत नाही. छावणीच्या इस्पितळांत देशी स्त्रियांस प्रथम प्रवेश मिळाला तो औषधाच्या हक्काने नव्हे. गोऱ्या शिपायांस गुप्तरोग होऊ नयेत म्हणून १८६४ चा छावणी कायदा व १८६८ चा संसर्गजन्य रोगांचा कायदा यांन्वये बाजारातील गरीब बायांची सक्तीने तपासणी करून त्यांस इस्पितळात कोंडून ठेवीत. विलायतेत व येथे पुष्कळ ओरड झाल्यावर १८८८ मध्ये ही सक्ती कायद्यातून काढण्यात आली. शिपायाच्या धर्मपत्नीस ज्या दारातून औषध मिळत नव्हते, त्याच दारातून या अभागी स्त्रियांस ओढून नेले जात होते.

पुढे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा फौजेचा व आरोग्याचा संबंध शहरवासीयांनी निराळ्याच रीतीने अनुभविला. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या हुकमाने गोरे सोजीर घरोघर शिरून रोगी शोधू लागले. देवघरे व स्वयंपाकघरे यांचीही मर्यादा राहिली नाही. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वश्रुत आहे.

देशी शिपायाच्या इस्पितळाचा प्रश्न ऐरणीवर आला तो पहिल्या महायुद्धात, आणि त्याची किंमत आपल्याच प्रांतातील माणसांनी मोजली. मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेवर सहावी डिव्हिजन गेली. तिचे नावच 'पूना डिव्हिजन'. तीत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोन येथे तुंबळ लढाई झाली व हजारो जखमी झाले. त्यांस नदीपर्यंत नेण्यास पुरेशा डोल्या नव्हत्या. स्प्रिंग नसलेल्या, सामान वाहण्याच्या गाड्यांवर तुटक्या हाडांची माणसे घालून खडबडीत वाटेने नेण्यात आली. पुढे बोटींतून बसऱ्यास पोचावयास कित्येक दिवस लागले. मेजर कार्टर नावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने अशी एक बोट धक्क्यास लागताना पाहिली. दुरून तिच्या बाजूंस दोर लोंबत आहेत असे त्यास वाटले. जवळ आल्यावर ती जखमींची वाळलेली विष्ठा आहे असे दिसले. कार्टर यांनी तक्रार केली, तेव्हा वरिष्ठांनी त्यांसच अटकेचा धाक घातला.

मागे हटलेली फौज कुत-अल-अमारा येथे अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. अन्न संपले तेव्हा घोडे मारण्यात आले, परंतु देशी शिपायांपैकी पुष्कळांनी धर्माच्या कारणाने ते मांस दीर्घकाळ शिवले नाही. भाजीपाला नाही, मांस नाही, त्यामुळे स्कर्व्ही रोगाने त्यांचे दात हलले, जखमा भरेनात. अखेर फौज शरण गेली, आणि कैदेत गेलेल्यांपैकी फार मोठा भाग परत आलाच नाही.

या अनर्थाची चौकशी मेसोपोटेमिया कमिशनने केली. त्याचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध होताच विलायतेत मोठा क्षोभ झाला व भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर, १९१८ मध्ये, देशी पलटणींसाठीही स्टेशन इस्पितळे मंजूर झाली. १९२० मध्ये इस्पितळांतील कामासाठी स्वतंत्र 'इंडियन हॉस्पिटल कोअर' उभी राहिली. शिपायास सरकारी खाट, सरकारी अंथरूण व सरकारी पथ्य मिळू लागले ते तेव्हापासून. आपल्या पूर्वजांनी हे अर्जविनंत्यांनी मिळविले नाही, टेसिफोनच्या गाड्यांवर मिळविले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढील घटना थोडक्यात सांगतो. ३ एप्रिल १९४३ रोजी निरनिराळी खाती एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र निघाले. तेथील पायांवर चालत घरी आलेली माणसे आम्ही स्वतः पाहिली आहेत. १ मे १९४८ रोजी डॉ. बिधानचंद्र रॉय समितीच्या शिफारशीवरून पुण्यास सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले व १९६२ पासून तेथे एम्.बी.बी.एस्.चे शिक्षण मिळू लागले.

स्वातंत्र्यानंतर नोकरीतील शिपायाची पत्नी, मुले व अवलंबून असलेले आईबाप यांसही लष्करी इस्पितळात औषधोपचार मिळू लागले. परंतु हे इस्पितळ होते कोठे? पुणे, खडकी, देवळाली, नगर, औरंगाबाद, कामठी, बेळगाव. शिपाई सीमेवर, आणि त्याचे कुटुंब माणदेशातील किंवा कोकणातील खेड्यात. तापाने फणफणलेले मूल घेऊन शंभर-सव्वाशे मैलांचा एस.टी.चा प्रवास कोण करणार? पेन्शनीवर आलेल्या शिपायाची स्थिती तर याहून अवघड होती. त्यास इस्पितळात घेतले जाई, पण खाट रिकामी असेल तर. नोकरीतील शिपायाचा हक्क पहिला, हा न्याय समजण्यासारखा आहे, तथापि वीस वर्षे बर्फात काढलेल्या माणसास म्हातारपणी 'जागा नाही' हे उत्तर ऐकावे लागे, ही खंत अनेकांनी आमच्यापाशी बोलून दाखविली.

१ एप्रिल २००३ पासून यात मोठा फरक पडला. माजी सैनिक अंशदायी स्वास्थ्य योजना, जिला सर्वजण ई.सी.एच.एस. म्हणतात, ती त्या दिवशी सुरू झाली. एकदाच वर्गणी भरावयाची. आरंभी ती पेन्शनीच्या मानाने १,८०० पासून १८,००० रुपयांपर्यंत होती. युद्धविधवांस ती माफ आहे. त्यानंतर पती व पत्नी दोघांस आयुष्यभर आणि अवलंबून असणाऱ्यांस नियमाप्रमाणे औषधोपचार. प्रथम मंजूर झालेल्या २२७ पॉलिक्लिनिकांपैकी निम्म्याहून अधिक छावणी नसलेल्या गावी होती. म्हणजे इस्पितळाचे दार प्रथमच छावणीच्या कुंपणाबाहेर आले. पॉलिक्लिनिकातील डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन योजनेत नोंदलेल्या खासगी रुग्णालयातही जाता येते. जिवावरचा प्रसंग असेल तर चिठ्ठीवाचून जवळच्या कोणत्याही रुग्णालयात जावे, मात्र ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकास कळवावे. योजनेत उणिवा नाहीत असे नाही. औषधे वेळेवर नसतात, बिले थकली म्हणजे खासगी रुग्णालये कुरकुर करितात. परंतु वडिलांच्या पिढीस जे मिळाले नाही ते मिळत आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पुष्कळ लोक एक घोटाळा करितात, तोही येथे दूर करणे अवश्य आहे. पुण्यात गोळीबार मैदानाजवळचे सरदार वल्लभभाई पटेल रुग्णालय हे कॅन्टोन्मेंट बोर्डाचे. ते तेथील नागरिकांसाठी. वानवडीचे कमांड इस्पितळ हे फौजेचे. पहिल्यात फौजेचे कार्ड दाखवून किंवा दुसऱ्यात रेशनकार्ड दाखवून काम होत नाही. खेड्यातून आलेली माणसे उन्हातान्हात एकाकडून दुसऱ्याकडे हेलपाटे घालताना दिसतात.

आणि या सर्वांहून मोठी अडचण कागदाची. शिक्षकाची नोकरी करीत असता व नंतरही गावोगावच्या पेन्शनरांचे अर्ज लिहून देण्याचे काम आमच्याकडे आपोआप आले. एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीचे उदाहरण सांगतो. लग्न झाले तेव्हा हवालदारांनी पलटणीत तिचे माहेरचे नाव लिहविले. गावात, रेशनकार्डावर व मतदारयादीत सासरचे नाव. जन्मतारखेतही चार वर्षांचा फरक. बाईंच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला तेव्हा कार्डासाठी अर्ज केला. संबंधित कार्यालयाने, त्याचे नाव येथे नको, तो तीनदा परत पाठविला. प्रत्येक वेळी एक नवा कागद मागितला. शपथपत्र झाले, सरपंचांचा दाखला झाला, नाव एकच असल्याचे जाहीर निवेदन वर्तमानपत्रात छापून झाले. कार्ड हाती आले तोपर्यंत दहा महिने लोटले होते. डॉक्टरांनी उजवा डोळा वाचविला. डाव्याची दृष्टी गेली ती गेलीच. हवालदार हयात असता सुटीवर आले तेव्हा एक अर्ज पलटणीत दिला असता, तर हे सारे एका हुकमाने दुरुस्त झाले असते.

म्हणून ज्यांची मुले आज नोकरीत आहेत त्यांनी सुनेचे नाव, नातवंडांच्या जन्मतारखा व स्वतःची नावे पलटणीच्या दप्तरात आधारकार्डाप्रमाणे अक्षरशः जुळतात की नाही, हे येत्या सुटीतच पाहून घ्यावे. पेन्शनरांनी आपले डिस्चार्ज बुक व पेन्शनचा हुकूम काढून पत्नीचे नाव वाचावे. वाचता येत नसेल तर गावातील कोणाही शिकलेल्या मुलाकडून वाचवून घ्यावे, त्यात संकोच नको.

प्रस्तुत विषयावर आमचे टिपण अद्याप चालू आहे. ज्या घरांत मेसोपोटेमियाच्या मोहिमेतील एखादे पत्र, जुन्या पलटणी इस्पितळाची चिठ्ठी, डिस्चार्जचा कागद किंवा वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आठवण असेल, त्यांनी तिची नक्कल मंडळाच्या कार्यालयाकडे धाडावी. मूळ कागद मात्र पाठवू नये, तो घरीच जपून ठेवावा.